उचल कुणी नाकारायची?

दिवाळीनंतर आमच्या कॉलेजातले कला शाखेचे वर्ग ओस पडतात. बीड जिल्ह्यात शिकवणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटत नाही. बरीचशी पोरं आईबापाबरोबर ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेली असतात, काही जणी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबलेल्या असतात. मी इथं मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. त्यामुळे पोरं कुठं जातात हा प्रश्न माझ्यापुरता तरी निव्वळ समाजशास्त्राचा नव्हता.

पुण्यातल्या एका नाट्य-कार्यशाळेला गेले ती खरं तर प्रमाणपत्र मिळेल म्हणून. पहिल्याच सकाळी प्रशिक्षकांनी जोड्या लावल्या. एकाने आपला तळहात दुसऱ्याच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरायचा, हात जाईल तिकडे दुसऱ्याने चेहरा न्यायचा, अंतर वाढू द्यायचं नाही. कोलंबियन संमोहन म्हणतात या खेळाला. माझी जोडी एका विशीतल्या पोराशी लागली. त्याने मला वाकवलं, गुडघ्यावर आणलं, खुर्चीखालून काढलं. पाळी बदलल्यावर मीही त्याला सोडलं नाही. दुपारी तोच खेळ वाढवला. मधल्या एकाने दोन हातांनी दोघांना चालवायचं, त्या दोघांनी आपापल्या हातांनी आणखी दोघादोघांना. मधला जरासा वळला की टोकाच्यांना पळापळ करावी लागते. तेव्हा मला ती निव्वळ धमाल वाटली होती. तिचा उपयोग पुढे भाद्रपदात माझ्या एका विद्यार्थ्याने दाखवला.

हे खेळ ऑगस्तो बोआल यांचे. साओ पाउलोच्या अरेना थिएटरचे हे दिग्दर्शक. ब्राझीलच्या लष्करी राजवटीने 1971 मध्ये त्यांना पकडून छळ केला, मग त्यांना देश सोडावा लागला. 1973 मध्ये पेरूतल्या सरकारी साक्षरता मोहिमेत काम करताना त्यांची पद्धत आकाराला आली. तिच्या मागे ब्राझीलचेच शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांचं काम होतं. 1963 मध्ये ब्राझीलच्या ईशान्येला अंजिकोस या गावी फ्रेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 300 कष्टकऱ्यांना 40 तासांत लिहायला-वाचायला शिकवायचा प्रयोग केला. त्या देशात तेव्हा निरक्षरांना मताचा हक्क नव्हता, तो 1985 मध्ये मिळाला. अक्षर शिकवणं म्हणजे थेट मतदार वाढवणं होतं. त्यामुळे 1964 च्या लष्करी उठावानंतर फ्रेरे तुरुंगात का गेले याला वेगळं कारण शोधायला नको.

बोआल यांच्या फोरम थिएटरची रीत साधी आहे. एक छोटं नाटक करायचं, ते वाईट शेवटावर आणून सोडायचं. मग तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, आणि या खेपेला प्रेक्षकांतल्या कुणीही ‘थांबा’ म्हणून ओरडावं, रंगमंचावर यावं, ज्याच्यावर अन्याय होतोय त्याची जागा घ्यावी आणि वेगळं काही करून बघावं. बाकीच्या नटांनी त्याला सुखासुखी जिंकू द्यायचं नाही. मध्ये जोकर असतो, तो प्रेक्षकांशी बोलतो, प्रश्न विचारतो, उत्तर मात्र देत नाही. मला हा जोकर परका वाटलाच नाही. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’मध्ये विदूषक आहे. जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून लुबाडत असतो आणि विदूषक मध्येमध्ये तोंड घालून त्याचं बिंग फोडत राहतो. शेवटी ते जोडपं फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत शिकायला निघतं. ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारलं. शिक्षण, राजकारण आणि तमाशा एकाच मंचावर आणायची ही तऱ्हा बोआल यांच्या शंभरेक वर्षं आधी पुण्यात लिहून झाली होती. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन ती गावोगाव नेली, त्यानंतर आंबेडकरी जलशांनी. आमच्या अभ्यासक्रमात मात्र जलसा चार गुणांच्या टिपेपुरता उरला आहे.

कॉलेजात परवानगी मिळवणं वाटलं तेवढं अवघड गेलं नाही. ‘राजकारण नको’ एवढीच अट होती. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला 2 क्रेडिट आहेत, मी नाटकाला फील्ड प्रोजेक्ट म्हटलं. अहवालाच्या नमुन्यात ‘लाभार्थी संख्या’ असा रकाना होता, तो सगळ्यात शेवटी भरायचा ठरवला.

शनिवारी आम्ही वाचायला बसायचो. झेरॉक्स केलेली पानं, एकाने मोठ्याने वाचायचं, कुठंही अडवायची मुभा. फ्रेरे म्हणतात, प्रचलित शिक्षण बँकेसारखं चालतं: मास्तर ठेव भरतो, विद्यार्थी ती सांभाळतो, परीक्षेत काढून देतो. त्यावर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “मॅडम, आमचं जनधनचं खातं हाये. भरतंय कोन?” वर्ग हसला. मीही हसले, पण त्या दिवशी पुढं वाचन झालं नाही, कारण पोरं एकदम शाळेविषयी बोलायला लागली: साखरशाळेत, म्हणजे कारखान्याजवळच्या हंगामी शाळेत, किती दिवस काढले, चौथीच्या वर्गात मध्येच येऊन बसल्यावर गुरुजी काय म्हणाले, हजेरीपटावर नाव असून आपण कुठे होतो. मी फक्त लिहून घेत होते.

मग पोरांना त्यांच्याच घरी पाठवलं. आई-वडील, चुलते, शेजारी कामाविषयी जसं बोलतात तसंच ऐकून यायचं, सुधारून लिहायचं नाही. फ्रेरे यांचे सहकारीही वर्ग सुरू करण्याआधी वस्तीत राहून लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करायचे. पोरांनी वह्या भरून आणल्या. मुकादम म्हणजे मजुरांची टोळी जमवून कारखान्याला नेणारा. उचल म्हणजे हंगामाआधी त्याच्याकडून अंगावर घेतलेली रक्कम, ती पुढे काम करून फेडायची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस अर्धा कोयता. कामावर न गेलेला दिवस तो खाडा, त्याचा दंड कापला जातो. मधल्या काळात किराण्याला मिळते ती खर्ची, तीही नावावर चढते. पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला.

वाणिज्य शाखेची एक मुलगी आमच्यात उगाच बसायला यायची. तिने फळ्यावर हिशेब मांडला. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनामागे 366 रुपयांच्या आसपास गेला. एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडला, आणि हे चांगल्या उसात, तब्येत धड असताना, तर 732 रुपये. एक लाखाची उचल फिटायला एकही खाडा न पडता 137 दिवस लागतात. त्यात खर्ची धरलेली नाही, दवाखाना धरलेला नाही. ज्या पोरांनी दहा हंगाम बघितलेत त्यांनी हा भागाकार कधी केला नव्हता. केला नव्हता, कारण वही मुकादमाकडे असते.

नाटक यातूनच निघालं, वीसेक मिनिटांचं. आषाढात मुकादम पैसे घेऊन घरी येतो. बाप घेतो. आईचं अंग दुखतंय, ती नको म्हणते, पण पुटपुटत. बारावीतली पोरगी शाळेचं विचारते, तिला सांगतात, दिवाळीपर्यंत जा. शेवटी ट्रॅक्टर निघतो आणि पोरगी भांड्यांच्या पोत्यावर बसलेली. पहिला खर्डा पोरांनीच लिहिला आणि त्यात सगळा रोख असा होता की आईने त्या दिवशी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं.

प्रयोग कधी करायचा यावर बराच खल झाला. आमचं एनएसएसचं शिबिर डिसेंबर-जानेवारीत असतं, तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि लेकरं सोडून कुणी नसतं. आजवर तिथं आम्ही व्यसनमुक्तीची पथनाट्यं कुणासमोर करत होतो, देव जाणे. उचल पावसाळ्यात वाटली जाते, म्हणजे नाटक दसऱ्याच्या आत व्हायला हवं. गणपतीचा मांडव आयता मिळाला: लाइट, स्पीकर, बसायला सतरंज्या, आणि आरतीला जमलेलं सगळं गाव.

पहिल्या प्रयोगाला ‘थांबा’ म्हणायला कुणी तयार होईना. आमची जोकर झालेली मुलगी घामाघूम. शेवटी आठवीतला एक पोरगा उठला, बापाच्या जागी आला आणि मुकादमाच्या कानाखाली जाळ काढल्याचा अभिनय करून टाळ्या घेऊन गेला. जोकरने विचारलं, “मारलं. आता उद्या सकाळी?” पोरगा म्हणाला, “उद्या दुसरा मुकादम.” हशा पिकला, पण अख्ख्या संध्याकाळीतलं ते सगळ्यात अचूक उत्तर होतं असं मला अजून वाटतं.

मग पुढच्या रांगेतून एक काकू उठल्या, पन्नाशीच्या असतील. आईची भूमिका करणाऱ्या मुलीला त्यांनी हाताने बाजूला केलं, खाली मांडी घालून बसल्या आणि मुकादमाला म्हणाल्या, “पैशे घेते. पन आधी मागची वही दाव.” मुकादम झालेला पोरगा गडबडला. वहीचा प्रसंगच आमच्या नाटकात नव्हता. तो म्हणाला, वही घरी राहिली. “मग जाऊन आन. मी हितंच बसते.” पाच मिनिटं त्यांनी त्याला हलू दिलं नाही. तो चिडला, गोड बोलला, दुसऱ्या टोळीला पैसे देईन म्हणाला. जाता जाता त्या आमच्याकडे वळल्या: “उचल घेऊ नगा म्हनायला तुमाला सोपं हाय. पेरनी कशावर करायची? पोरीचं लगीन तुमी करून देता का?”

त्या रात्री आमची बैठक लांबली. एका मुलीने मुद्दा काढला तो माझ्या वाचनात कुठंच आला नव्हता. ती म्हणाली, “सगळे येऊन आईलाच शहाणं करतेत. आईनं असं बोलावं, आईनं तसं करावं. कारखाना तर नाटकात नाहीच.” खरंच नव्हता. प्रत्यक्षातही नसतो. कारखान्याचा करार होतो तो वाहतूक ठेकेदाराशी नाहीतर मुकादमाशी, तोडणाऱ्याशी नाही. त्याचं नाव कारखान्याच्या मस्टरवर येत नाही आणि मालक कोण हे कागदावर सांगता येत नाही. फोरम थिएटरची एक मोठी अडचण इथंच आहे. प्रश्न ज्याला सोसावा लागतो त्यालाच तो सोडवायची युक्ती सुचवायला सांगायची आणि जी गोष्ट मंचावर दिसत नाही तिला हातही लावायचा नाही. शोषिताचीच जागा घ्यायची, शोषकाची नाही, हा नियम बोआल यांनी विचारपूर्वक केला. मुकादम अचानक देवमाणूस झाला असं दाखवून लोकांनी स्वतःची फसवणूक करू नये म्हणून. पण आमच्या गावात नेमका शोषक कोणता यावरच भांडण लागलं.

भांडण लावलं मुकादमाची भूमिका करणाऱ्या पोरानेच. त्याचा सख्खा मामा मुकादम. “माझ्या मामाला ठेकेदाराचं देणं हाये. टोळी पळाली तर त्येला उचलून नेतेत, माझ्या आजीनं दागिने मोडून सोडवलाय त्येला.” मग तो उठला आणि म्हणाला, तुम्ही पुण्याहून आणलेला तो हाताचा खेळ घ्या, साखळीचा. त्याने आम्हाला उभं केलं: ठेकेदार, त्याच्या हातासमोर मुकादम, मुकादमाच्या हातासमोर बाप, बापाच्या हातासमोर आई, आईच्या हातासमोर पोरगी. पोरीने हात खाली सोडलेला, तो त्याने उचलला आणि समोर धाकट्या भावाला बसवलं. मधल्या प्रत्येकाचा चेहरा कुणाच्यातरी हातात आणि स्वतःचा हात कुणाच्यातरी चेहऱ्यासमोर.

पुढच्या शनिवारी आम्ही आंबेडकर वाचले, श्रेणीबद्ध विषमतेविषयीचं लेखन. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतं, म्हणून सगळी उतरंड मोडायला सगळे एकत्र येत नाहीत. हे मी एमएला असताना वाचलं होतं, त्यावर चांगले गुणही मिळवले होते. या खेपेला पोरं मला समजावत होती. शोषक आणि शोषित अशी दोनच टोकं धरून इथलं काही कळत नाही, मधल्यांचं काय करायचं हाच इथला प्रश्न आहे, असं एकाने वहीत लिहिलं. दुसरीने विचारलं, टोळीत मुकादमाच्याच जातीची माणसं जास्त का असतात आणि दुसऱ्या जातीच्या कोयत्याला कोपी, म्हणजे राहायची झोपडी, कुठं मारायला लावतात. त्यावर मात्र वर्गात शांतता पसरली. तो धागा आम्ही नाटकात आणू शकलो नाही. एकमेकांच्या शेजारी बसणाऱ्या पोरांना तेवढं उघडं बोलायला एक सत्र पुरत नाही.

दुसरा खर्डा म्हणून असा झाला: साखळी मंचावर उभी राहते आणि कारखाना मांडवाच्या स्पीकरमधून बोलतो. फक्त काट्यावरचं वजन आणि कपात वाचून दाखवतो. त्याला कुणी ‘थांबा’ म्हटलं तरी तो वाचतच राहतो. आणि नियम मोडून आम्ही मुकादमाची जागाही प्रेक्षकांना खुली केली. पुढच्या गावात एक खराखुरा माजी मुकादम त्या जागी आला. त्याला बघून बायका आधी गप्प झाल्या, मग इतक्या बोलल्या की आरती उशिरा झाली. बापाचा हात आईच्या चेहऱ्यासमोर धरलेला बघून मात्र पुरुष मंडळी अस्वस्थ व्हायची. ‘हे घरातलं कशाला?’ असं एकाने विचारलं. जोकरने तो प्रश्न बायकांकडे फेकला. उत्तर आलं नाही, पदराआडून हसू तेवढं आलं.

ऊसतोड कामगार संघटनेचे एक कार्यकर्ते एका प्रयोगाला आले होते. त्यांना नाटक आवडलं आणि पटलं नाही. दर वाढवून घ्यायला कोयता बंद, म्हणजे तोडणीचा संप, करावा लागतो, चर्चेने दर वाढत नाहीत. तुमच्या नाटकाच्या शेवटी लोकांना संघटनेचे सभासद व्हा असं सांगा, असा त्यांचा आग्रह. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं ते बाजू घेऊनच, हे त्यांनी मला ऐकवलं. त्यांचं चुकीचं नव्हतं. संघटना नसेल तर आमचं नाटक म्हणजे गणपतीतली एक रात्र. पण पोरांनी शेवटी घोषणा घालायला नकार दिला, आणि त्यांचं कारण मला पटलं: घोषणा दिली की काकू वही मागायला उठणार नाहीत, टाळी वाजवून घरी जातील. तडजोड अशी झाली की नाटक संपल्यावर कार्यकर्त्यांनी बाजूला टेबल टाकून बसावं. ते बसले. कॉलेजला मी हे कळवलं नाही.

लोकांनी सुचवलेल्या गोष्टींची यादी आम्ही प्रत्येक प्रयोगात ठेवली होती. बोआल 1993 ते 1996 रिओच्या महापालिकेत निवडून गेलेले नगरसेवक होते. प्रेक्षकांच्या सूचनांवरून कायद्याचे मसुदे करून घेत, त्यांतले 13 मंजूरही झाले. आमच्याकडे महापालिका नव्हती, 2 ऑक्टोबरची ग्रामसभा होती. तिची तारीख ऊसतोडीला जाण्याआधी पडते हे आजवर माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. यादीतल्या दोन गोष्टी ग्रामसभेच्या हातातल्या होत्या. मागे राहणाऱ्या लेकरांचं हंगामी वसतिगृह टोळ्या निघण्याआधी सुरू व्हावं, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीने प्रस्ताव वेळेत पाठवावा. आणि ऊसतोड मजुरांची नोंद करून ग्रामसेवकाने ओळखपत्र द्यायचं असं शासनाने ठरवलं आहे, ते काम गावात पुरं व्हावं.

ग्रामसभेला पोरांनी नाटक केलं नाही, अर्ज वाचला. वसतिगृहाच्या ठरावाला कुणाचा विरोध नव्हता. नोंदणीवर घोडं अडलं. आधी केलेल्या यादीत घरटी एकच नाव होतं, पुरुषाचं. विचारलं तर उत्तर मिळालं, कोयता एकच धरलाय ना. आमच्या नाटकात आईचं काम करणारी मुलगी उभी राहिली आणि तिने सरळ विचारलं, फड काय एकटा नवरा तोडतो? मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरतं कोण? मागून बायकांचा गलका झाला. वहीवाल्या काकू दुसऱ्या गावच्या, त्या इथं नव्हत्या, पण त्यांच्यासारख्या पुष्कळ होत्या. ठरावात ‘पती व पत्नी दोघांची स्वतंत्र नोंद’ अशी ओळ घालून घेतली.

वसतिगृह त्या वर्षीही उशिरानेच सुरू झालं, टोळ्या गेल्यावर. काही लेकरं तोवर गाडीत बसून गेली होती. मुकादमाची भूमिका करणारा पोरगाही कार्तिकात अर्धा कोयता म्हणून गेला आणि परीक्षेपुरता आला. त्याचं प्रोजेक्ट मी फोनवरून त्याने पाठवलेल्या आवाजी निरोपांवर तपासलं. त्यात फडातला हिशेब होता, रोजच्या रोज, स्वतःच्या वहीत लिहिलेला. टोळीतल्या इतरांनी आपलाही लिही म्हणून मागे लागून तो लिहून घेतला आणि मामा त्याच्यावर नाराज आहे असं तो सांगत होता. 2 क्रेडिट दिले. ‘लाभार्थी संख्या’ या रकान्यात काय लिहायचं ते पोरांवर सोपवलं, त्यांनी रेघ मारली.

गावातल्या नव्या यादीत आता दोघांची नावं आहेत. पुरुषांची ओळखपत्रं आली, बायकांची अजून यायची आहेत. त्या पाठपुराव्याचा अर्ज सध्या द्वितीय वर्षाचा वर्ग लिहितोय.